लोटीतलं दूध

मार्गारेटबाईंनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. दुधासाठी त्यात स्टीलची एक छोटी लोटी होती आणि तिच्यावर माझ्या मैत्रिणीचं, शुभाचं, नाव घातलेलं होतं.

इंग्लंडात शिकायला आली तेव्हा शुभा वर्षभर याच घरात, बाईंकडे भाड्यानं राहिली होती; तिच्या ओळखीवर मी त्यांना भेटायला आले होते. इथल्या संडासातल्या कागदाशी तिचं काही जमेना. मग घरून आणलेली लोटी तिनं टमरेल म्हणून वापरली, संडासात पाइपामागे लपवून. निघताना लोटी तिथंच राहिली. हे सांगताना शुभा अजून पोट धरून हसते.

"वरच्या बाथरूममध्ये सापडली," बाई कौतुकानं म्हणाल्या. "तेव्हापासून रोजच्या दुधाला हीच." त्यांचे यजमान माझ्या कपावर लोटी धरून थांबले होते.

सोवळंओवळं मी जन्मात मानलं नाही. तरी माझा हात कपावर आडवा व्हायला निघालाच होता. भांडं घासलं की स्वच्छ होतं. आपल्याला ठाऊक असलेलं मात्र कितीही घासलं तरी निघत नाही. या दोघांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ती एका मुलीची मागे राहिलेली वस्तू होती, एवढंच.

"घाला," मी म्हणाले, आणि तळापर्यंत चहा प्यायले.

मी घरी परतल्यावर शुभानं विचारलं, "माझी आठवण काढतात का गं?"

"रोज," मी म्हणाले. "चहाच्या वेळी."