नानांचे कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्ही अनोळखी, म्हणून तोंड उघडतोय – एवढंच माझं धाडस.

नाना म्हणजे माझे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, मला नानांनीच वाढवलं. धुळ्याजवळ आमचं गाव, दारात नानांचा ट्रक. पिंपळनेरहून कांदा, पाचोऱ्याहून कापूस. शाळेला सुट्टी लागली की मी केबिनमध्ये! डिझेल, उदबत्ती आणि वहिनीने फडक्यात बांधून दिलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी – तिन्हींचा मिळून एक वास यायचा. रस्त्याकडेच्या निंबाखाली गाडी लावायची, ठेच्याबरोबर भाकरी खायची, नाना शिट्टीवर कसलीतरी चाल धरायचे. नंतर खूप गाड्यांत बसलो, पण तो वास काही पुन्हा आला नाही.

निघण्याआधी नाना टॉमी घेऊन गाडीभोवती फिरत. टॉमी म्हणजे चाक खोलायची लोखंडी पहार. प्रत्येक चाकाच्या नटांवर ती हलकेच ठोकायची आणि मान तिरकी करून ऐकायचं. घट्ट नट खणखणतो, सैल नट बद्द बोलतो. गावात लोक चेष्टा करायचे, नाना गाडीची नाडी पाहतात म्हणून. नाना हसायचे आणि टॉमी माझ्या हातात द्यायचे. "कान लाव," म्हणायचे. मी लावायचो. मला ते ऐकणं त्यांनीच शिकवलं – हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मोठा झालो, गाडी आम्ही दोघं आळीपाळीने चालवू लागलो. आणि मला हौस सुटली. हायवेवरच्या ढाब्यांसमोर उभे असलेले ट्रक पाहायचो – मागून कसे रुंद, म्हशीसारखे भरलेले! आपलाही तसा दिसावा. मी मागच्या चाकांना जाड टायर घातले. पण मागे दोन-दोन चाकांची जोडी असते. जाड टायर एकमेकांना घासू लागले. टायरवाला म्हणाला, एकतर रिम बदला, नाहीतर जोडीच्या मध्ये स्पेसर टाका. स्पेसर म्हणजे लोखंडी चकती. तिच्यामुळे बाहेरचं चाक आणखी बाहेर येतं.

नानांनी स्पष्ट नाही म्हटलं. चाक बाहेर गेलं की भार बोल्टांवर येतो, आपण कांदा वाहतो, मिरवणूक काढत नाही – असं म्हणाले. रिम बदल, नाहीतर जुने टायर घाल.

मी धुळ्यात जाऊन चकत्याच बसवल्या. घरी सांगितलं, रिम बदलले.

एवढंच असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. खोटं कोण बोलत नाही? पण दुसऱ्या दिवशी नानांनी टॉमी घेतली. मागच्या चाकाशी थांबले. पुन्हा ठोकलं. दुसऱ्या बाजूला गेले, तिथेही ठोकलं.

"हाऊ आवाज येगळा शे रे," म्हणाले.

आणि मी हसलो. "बठ्ठं बरोबर शे, नाना. तुमना कान म्हातारा व्हई गयात."

कसा सुचला मला तो विनोद? ओट्यावर बसलेले दोघं-तिघं हसले. नानाही हसले, पण जरा उशिरा. आणि आता ते सांगतो, ज्याच्याभोवती इतका वेळ घुटमळतोय – आवाज मलाही वेगळा आला होता. स्वच्छ ऐकू आला होता. शिकवलंच होतं ना त्यांनी!

त्यानंतर नाना स्वतःचे कान तपासू लागले. अंगणात बसून पातेल्यांवर चमचा वाजवायचे, वहिनीला विचारायचे, तुला कसा येतो? जळगावला कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाला, कान ठणठणीत आहेत. नानांनी घरी येऊन ते आशेने मला सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टर सगळ्यांना तसंच सांगतात. का म्हटलं? चकत्या सापडतील म्हणून? की माझ्या रुंद गाडीकडे गाव बघत होतं म्हणून? लाज वाटते, पण दोन्ही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी त्यांनी गाडीची किल्ली देवासमोर ठेवली, मग माझ्या हातात दिली. ज्याला ऐकू येत नाही त्याने भरलेली गाडी चालवू नये, म्हणाले. मी पाया पडलो. किल्ली घेतली.

पुढे पिंपळनेरच्या रस्त्यावर, कांद्याने भरलेल्या गाडीचे मागचे बोल्ट तुटले. गाडी कलली, थांबली. कुणाला खरचटलंही नाही. त्याच दिवशी मी चकत्या काढून टाकल्या, जुने टायर घातले. बोल्ट तुटल्याचं घरी कळू दिलं नाही; म्हटलं, जाड टायर परवडत नव्हते. नाना ओट्यावरून उठले, सवयीने टॉमी घेऊन मागच्या चाकावर ठोकलं. नट खणखणला. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तेव्हा बोलायला हवं होतं. मी गप्प राहिलो आणि तो उजळपणा हळूहळू मावळला. आपले कान मधूनमधून ताळ्यावर येतात वाटतं, म्हणाले, आणि टॉमी जागेवर ठेवून दिली.

नाना पुन्हा कधी स्टेअरिंगवर बसले नाहीत. ट्रक विकला, त्यालाही बरीच वर्षं झाली. नाना आहेत, हिंडते-फिरते आहेत. पण कुठलाही आवाज झाला की आधी माझ्याकडे बघतात.

काल विहिरीवर गेलो होतो. मी मोटर चालू केली आणि नाना थबकले. "आवाज येगळा वाटस का रे? मना कानवर जाऊ नको. तू सांग."

मी ऐकलं. बारीक घरघर होती, मुश्किलीने कळेल इतकी. वेगळा आहे म्हणून सांगितलं. मोटर खोलली, तर आतलं बेअरिंग गेलेलं.

नानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू व्हता म्हनीसन कळनं," म्हणाले.

मी मान हलवली.