लघवीची बाटली आणि बाकावरच्या आम्ही

लॅबच्या बाकावर वर्षभर दर सोमवारी बसून बघा. रिपोर्टांपेक्षा किश्श्यांचीच फाईल जाड होते! आमचा बाक कुडाळचा. चार वर्षांची माझी मिनू अचानक सुजली, लघवीतून प्रोटीन जातंय असं निघालं. किडनीचं दुखणं. गोळ्या कमी करायच्या की वाढवायच्या, ते लघवी ठरवणार. मी बीएस्सी केमिस्ट्री, पण बाटली स्वतःच्या पोरीची असली की सगळी केमिस्ट्री विसरायला होते.

*

पहिल्याच सोमवारी मासे विकणारी एक मावशी नवऱ्याची लघवी घेऊन आली. कोल्ड्रिंकची मोठी बाटली, काठोकाठ!

"मावशी, दोन चमचे पुरे होते," लॅबवाले काका म्हणाले.

"आमी गिऱ्हायकाक कधी कमी घालणव नाय!"

*

होडीवर जाणारे एक बाबा थर्माकोलच्या पेटीत, बर्फात रोवून बाटली आणायचे. शेजारी दोन बांगडे. मी हसले, तर काका माझ्यावरच घसरले. "हसू नका! तुमची बाटली मालवणहून येताना बसमध्ये उकडते. ह्यांचं सॅम्पल एकदम ताजं!"

बाबा खूश. बांगडे काकांपुढे ठेवत म्हणाले, "हे तपासूचे नाय हां, खावचे!"

*

एकदा मिनूची लघवी लालसर दिसली. रक्त! बसमध्ये तासभर रडले. काकांनी बाटलीचं झाकण नाकाशी नेलं. "ताई, आधी हिच्यात काय होतं?"

कोकमाचं आगळ. धुतली होती हो, घाईत!

"नारळाचा रस तेवढा घाला, सोलकढी तयार!"

*

रिपोर्ट फोनवर कळायचा, आणि फोन शेजारच्या दुकानात. एका संध्याकाळी दुकानदार रस्त्यातूनच ओरडत आला, "वहिनी, चेडवाक थ्री प्लस मिळाले! पेढे होये!"

थ्री प्लस म्हणजे प्रोटीन भरपूर. पोरीला मार्क मिळाल्यासारखा त्याचा आनंद बघून मला सांगवेना. पेढे दिले.

*

मग काकांनी घरीच तपासायला शिकवलं. नळीत लघवी घ्यायची, औषधाचे थेंब टाकायचे, मागे पेपर धरायचा. अक्षरं धूसर दिसली तर प्रोटीन आहे, स्वच्छ दिसली तर नाही. सलग तीन दिवस स्वच्छ, तर डॉक्टर गोळ्या कमी करणार होते.

पहिला दिवस स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसऱ्या सकाळी नळी पेपरापुढे धरली. अक्षरं दिसत होती. पण खरंच दिसत होती, की मला दिसायला हवी होती म्हणून? नवरा ड्युटीवर. घरात फक्त सासूबाई, त्यांनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. तरी हाक मारली. "आई, जरा बघा हो, स्वच्छ दिसतंय ना?"

त्यांनी पदराने चष्मा पुसला, नळी उजेडाकडे धरली आणि पेपर सरकवून मागे एक फोटो आणला. कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"माका वाचूक येणा नाय गो," त्या म्हणाल्या. "पण ही बाय हसता हा. वरचे आठ दात दिसतत. मोजून घे!"