बाय सुटली

दुपारी चारला ड्युटीवरून घरी आले तेव्हा आई दारात केस मोकळे सोडून बसली होती. केस ओले होते. भर दुपारी डोक्यावरून अंघोळ करणाऱ्यातली माझी आई नाही. नळाला पाणी आलं की पहाटेच तिचं सगळं उरकलेलं असतं. मी चपला काढायच्या आधीच विचारलं, "काय झालं?"

"दवाखान्यातनं फोन आलता," ती म्हणाली. "बाय सुटली, बोलला."

बाय म्हणजे आमची कुत्री. तशी मीही बायच. आमच्याकडे आई लेकीला बाय म्हणते. सहा वर्षांपूर्वी आई वज्रेश्वरीला देवीला गेली होती, ती येताना प्रसादाच्या पिशवीत एक करड्या रंगाचं पिल्लू घालून घेऊन आली. एसटीत कंडक्टरला कळलं कसं नाही, हे मला अजून कोडं आहे. मी नाव ठेवायचं म्हणत राहिले आणि आईने पहिल्याच दिवशी "ये बाय, खा" म्हणून भाताचं ताट पुढे केलं. तेव्हापासून घरात "बाय" अशी हाक आली की आम्ही दोघी मान वर करतो. तिला भाकरी मिळते, मला काम.

ही बाय आदल्या संध्याकाळपासून अडली होती. कळा येत होत्या, पाणी गेलं होतं, पण पिल्लू येत नव्हतं. सकाळी रिक्षात घालून तिला भिवंडीतल्याच जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोटावरून हात फिरवला आणि मला सांगितलं, की इंजेक्शन देऊन बघू, नाहीच झालं तर पोट उघडावं लागेल. मग त्यांनी विचारलं, "एकच वाचवायची वेळ आली तर?" मी म्हटलं, "तीच." हे मी इतक्या पटकन म्हटलं की पोटातल्या पिल्लांसाठी मलाच वाईट वाटलं. मग त्यांनी पुढे केलेल्या कागदावर सही केली.

तिथला कंपाउंडर वयाने मोठा, उत्तरेकडून येऊन इथेच केस पिकवलेला माणूस. मराठी बोलतो, पण मधूनच हिंदीत घसरतो. रजिस्टरमध्ये लिहिताना म्हणाला, "नाव?"

"बाय."

"बाय? टाटा-बाय वाला?"

मी म्हटलं, तसंच समजा. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. वडप्याच्या गोडाऊनमध्ये मी डिस्पॅचच्या ऑफिसात आहे, त्या दिवशी मालाची मोजणी होती आणि रजा मागायची सोय नव्हती. आत जाताना फोन गेटवर जमा करावा लागतो, म्हणून मी दवाखान्यात आईचा नंबर लिहून दिला. घरी आईलाही बजावलं, फोन आला तर नीट ऐकून घे. तिने नीट ऐकलं. एकच शब्द ऐकला, पण नीट ऐकला.

आता "सुटली" म्हटल्यावर माणसाने काय समजावं? अडलेली बाई सुटली म्हणजे बाळंत झाली. अंथरुणाला खिळलेली म्हातारी सुटली म्हणजे गेली बिचारी. कुत्री सुटली म्हणजे पळाली. दवाखान्यातून सुटली म्हणजे घरी न्यायची. आपल्या भाषेचा मला एरवी मोठा अभिमान असतो, पण त्या वेळी तिचा असा राग आला की काय सांगू.

"कसली सुटली?" मी विचारलं.

"सुटली म्हंजे सुटली."

"अगं, पण आवाज कसा होता त्याचा? रडका होता, खुशीत होता?"

"त्याचा आवाज नेहमीच तसा असंल. मी काय त्याला वळखते?"

मी आत गेले तर देव्हाऱ्याचा पडदा ओढलेला. आईच्या देव्हाऱ्याचा पडदा वर्षातून एखाद्या वेळी ओढला जातो, भावकीत कुणी गेलं तर. मी तिथेच खाली बसले आणि रडू यायच्या बेतात होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला. गॅसवर नाचणीची पेज शिजत होती, गूळ घातलेली. ही पेज आमच्याकडे बाळंतिणीला देतात.

मी पेजेकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, मग आईकडे.

"तू नक्की काय समजलीस?"

"काय न्हाय समजले," आई शांतपणे म्हणाली. "सोयर असंल न्हायतर सुतक असंल. दोन्हीत देवाला शिवायचं न्हाय. म्हणून न्हाले आन् पडदा ओढला. पेज वाया जात न्हाय. ती न्हाय आली तर तू खाशील."

इथे माणसाला माणसाचं सोयरसुतक उरलेलं नाही आणि माझी आई कुत्रीचं दोन्ही पाळून बसली होती. मला हसूही आलं आणि राग तर त्याहून जास्त आला. मी दवाखान्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पाच वेळा लावला. कुणी उचलेना.

"मी जाऊन येते," मी म्हटलं. "तू येतेस?"

"न्हाय."

ज्या बाईने कुत्रीसाठी डोक्यावरून अंघोळ केली ती दवाखान्यात यायला तयार नाही, याचा अर्थ मला लागेना. तिने मात्र एक पिशवी आधीच भरून ठेवली होती, ती माझ्या हातात दिली. रिक्षात बसल्यावर मी ती उघडून पाहिली. तिची एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी होती आणि कागदात बांधलेलं खडेमीठ. साडी पिल्लांना गुंडाळायला होती की तिला झाकायला? मिठाचंही तेच. आमच्याकडे बाळ-बाळंतिणीची दृष्ट खडेमिठाने काढतात, आणि जनावर पुरतानाही खड्ड्यात खडेमीठ टाकतात. पिशवीनेसुद्धा मला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "बाजार केला का ताई?" मी त्याच्यावर उगाच खेकसले.

दवाखान्याचं शटर अर्धं खाली होतं. बाहेरच्या बाकावर एक बाई बुरख्यात बसली होती, मांडीवर भाजीची टोपली, टोपलीत मांजर. मी तिला विचारलं, आत कुणी आहे का. ती म्हणाली, "कोई नहीं. डॉक्टरनी किसी की भैंस देखने खारबाव गई है, वो चाचा खाना खाने." मग माझ्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, काय झालं. माझ्याने राहवलं नाही, मी तिला सगळं सांगून टाकलं, की फोनवर सुटली म्हणाले आणि मला कळत नाही, सुटली म्हणजे काय.

"छूट गई बोला?" तिने जरा विचार केला. "तो भाग गई होगी. मेरी ये भी पिछले महीने यहीं से भागी थी. दो दिन बाद साइजिंग के कारखाने में मिली, सूत के ढेर पर."

म्हणजे आता मेली की व्याली याच्या जोडीला पळालीही आली. पोटात पिल्लं अडकलेली आमची बाय रस्त्यावर ट्रकांच्या मधून पळते आहे, असं मला दिसायला लागलं. मी पिशवी बाकावर टाकली आणि गल्लीत "बाय, बाय" अशा हाका मारत सुटले. एका दुकानदाराने मला हात हलवून बाय केलं. हे मी कुणाला सांगत नाही, पण केलं त्याने.

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले तेव्हा कंपाउंडर शटर वर करत होता. मी त्याची बाहीच धरली.

"आमची बाय कुठे आहे?"

"कौनसी बाय?"

"सकाळची. तुम्ही फोन केला होता. सुटली म्हणाला होता."

त्याने सावकाश चष्मा लावला, रजिस्टर उघडलं, बोट फिरवत खाली आला. त्या बोटाइतकी सावकाश गोष्ट मी आयुष्यात पाहिलेली नाही. "हां. बाय. सुटली ना. बरोबर बोललो."

"अहो, पण सुटली म्हणजे काय?" माझा आवाज चढला. बाकावरची बाई मांजरासकट उभी राहिली.

"सुटली म्हणजे छुट्टी. डिस्चार्ज," तो म्हणाला. "बारा बजे से बोल के रखा है, घेऊन जा."

"म्हणजे जिवंत आहे?"

आता गोंधळायची पाळी त्याची होती. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मरी हुई को छुट्टी कौन देता है, मॅडम?"

आतल्या खोलीत, पिंजऱ्यात, गोणपाटावर बाय पडली होती. मला बघून तिने शेपटी एकदा आपटली, तेवढीच ताकद तिच्यात होती. पोटाशी दोन पिल्लं होती, एक काळं, एक तिच्यासारखं करडं. तिसरं मेलेलं आलं, असं कंपाउंडरने सांगितलं. पोट उघडावं लागलं नव्हतं, दुसऱ्या इंजेक्शनला ती आपली आपणच मोकळी झाली. मी पिंजऱ्याच्या गजांना डोकं टेकवून रडले. आनंदाने रडले, यात शंका नाही, पण त्या क्षणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

डोळे पुसून झाल्यावर राग आला. मी त्याला म्हटलं, चाचा, फोनवर नीट सांगायला काय झालं होतं?

"मी नीटच बोललो," तो म्हणाला. "बोललो, बाय सुटली. पुढे बोलणार होतो, दोन पिल्लं हायत, घेऊन जा. आपकी मम्मी ने 'बरं' बोला और फोन रख दिया. मी परत लावला तर उचलला नाही."

तिने उचलला नाही, हे ती मला बोललीच नव्हती. परतीच्या रिक्षात मी बायला मांडीवर घेतलं होतं, पिल्लं आईच्या साडीत होती, आणि मी मनातल्या मनात आईशी भांडत होते. मिठाचं पुडकं तसंच होतं.

घरी आले तर आई उंबऱ्यात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, साडीच्या गाठोड्याकडे पाहिलं. त्यात काहीतरी हललं. तेव्हा ती बाजूला झाली. कोपऱ्यात गोधडी घातलेलीच होती. तिने बायला निजवलं, पिल्लं तिच्या पोटाशी लावली, मीठमोहऱ्यांनी तिघांची दृष्ट काढली आणि कोमट पेज वाटीत घेऊन तिला बोटांनी चाटवायला लागली. मला वाटलं होतं मी घरात शिरल्या शिरल्या ओरडेन. पेज संपेपर्यंत थांबले.

"आई, एक प्रश्न विचारायला काय झालं होतं तुला? एकच. कशी आहे, एवढंच. मी रस्त्यावर वेड्यासारखी हाका मारत फिरले. आणि त्याने परत फोन केला तो का नाही उचललास?"

ती वाटी पुसत राहिली.

"तुझी मोठी बहीण," ती म्हणाली.

मला एक मोठी बहीण होती. पहिल्या बाळंतपणात गेली, तेव्हा मी चार वर्षांची होते. घरात तिचा फोटो नाही आणि तिच्याबद्दल बोलणंही नाही. मला एवढंच माहीत होतं.

"तिला दवाखान्यात नेली व्हती. मी घरी. तुला ताप व्हता म्हणून घरी," आई म्हणाली. "दुपारी तुझा काका आला. दारात उभा राह्यला आन् बोलला, वहिनी, बाय सुटली. मी तांदूळ निवडत व्हते. हातातलं सूप टाकलं नि इचारलं, पोरगा की पोरगी? तो काय बोलंना. मला वाटलं चेष्टा करतोय. मी परत इचारलं. हसत इचारलं. तीनदा इचारलं मी त्याला."

बायने वाटीकडे मान उचलली. आईने रिकामी वाटी तिच्यापुढे धरली आणि चाटू दिली.

"तवापासनं मी कुणाला काय इचारत न्हाय," ती म्हणाली. "कोण काय सांगंल ते ऐकते."

मला बहिणीचा चेहरा आठवत नाही, तरी मी तो आठवायचा प्रयत्न करत होते. आणि त्याच वेळी मला दुसरंच काहीतरी आठवत होतं, आणि त्याची लाज वाटत होती. अकरा वर्षांपूर्वी मी नवऱ्याचं घर सोडून दोन बॅगा घेऊन या दारात आले, तेव्हा आई म्हणाली होती, "हातपाय धू, भात टाकते." त्यानंतर एका शब्दाने तिने विचारलं नाही, काय झालं, का आलीस, परत जाणार आहेस का. शेजारणींनी विचारलं, मामाने विचारलं, गोडाऊनमधल्या पोरींनी विचारलं. आईने नाही. अकरा वर्षं मी हे तिच्याविरुद्ध मनात धरून होते. हिला माझं काही जाणून घ्यायचंच नाही, असं मी पक्कं ठरवून टाकलं होतं, आणि रागाने मीही कधी काही सांगितलं नव्हतं.

बाहेर अंधार पडत होता. देव्हाऱ्याचा पडदा अजून ओढलेलाच होता, दहा दिवस तो तसाच राहणार होता, आईच्या हिशेबाने ते सोयर होतं. पिल्लं पीत होती. मी खोलीतला दिवा लावला आणि गोधडीच्या या बाजूला, आईच्या समोर, खाली बसले. तिने काही विचारलं नाही. मी सांगायला लागले.