मास्तरांना दिलेली गाडी
परवा पंपावर काच खाली केली, पेट्रोलचा वास आत आला आणि बाबांची छोटी लाल गाडी आठवली. नव्वदचं दशक सरत होतं. खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत नव्या, लांब गाड्या आल्या होत्या आणि मला तिची लाज वाटायची. विकतो म्हणून मी ती नेली आणि कळंबोलीच्या भंगारवाल्याला देऊन आलो. बाबांनी विचारलं, "कोणी घेतली रे?" "एका मास्तरांनी. लहान मुलगी आहे त्यांना," मी बोलून गेलो. बाबा खूश झाले. "चोक जास्त ओढू नका म्हणावं," त्यांनी बजावलं. पुढे दर दिवाळीला ते विचारायचे, "मास्तरांची मुलगी कितवीत गेली?" मी सांगायचो. बाबा गेले तेव्हा ती दहावीत होती.