मावशी स्वतः काय लावते

दुकानाचं काचेचं दार सरकलं की डाव्या हाताला पहिलंच काउंटर चेहऱ्याच्या क्रीमचं होतं, आणि त्यामागे गेली बावीस वर्षं मावशी उभी होती. खरं म्हणजे ती मावशी एकाच मुलीची, थोरल्या बहिणीच्या लेकीची. पण ही भाची शाळेत असताना आईबरोबर दुकानात यायची आणि दारातूनच "मावशी!" अशी खणखणीत हाक मारायची. ती हाक काउंटरवरच्या पोरींनी उचलली, मग मॅनेजरनं, मग गिऱ्हाइकांनी. तिच्या छातीवरच्या पट्टीवर कोणतं नाव आहे ते वाचण्याची तसदी पुढे कुणीच घेतली नाही.

मावशीचं वय बावन्न. नाकीडोळी ती काही फार देखणी नव्हे, नाक जरा बसकंच. पण कातडी अशी नितळ, की पंचविशीच्या पोरी काउंटरवर कोपर टेकून तिच्याकडे बघत राहायच्या आणि शेवटी विचारायच्याच, "तुम्ही स्वतः काय लावता हो?"

या प्रश्नाला मावशीनं कधी तोंडानं उत्तर दिलं नाही. ती हसायची आणि सहज ठेवावा तसा हात सगळ्यात महागड्या बरणीच्या सोनेरी झाकणावर ठेवायची. तेवढ्यानं काम भागायचं. ती खोटं बोलली असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. या हुशारीचा तिला चांगलाच अभिमान होता, उगाच झाकून कशाला ठेवा.

खरी गोष्ट अशी की त्या काउंटरवरचं काहीही मावशी लावत नसे. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं हौसेनं सगळं लावून पाहिलं होतं. सकाळी एक, संध्याकाळी तीन, रविवारी खरखरीत स्क्रबनं घासणं. चार महिन्यांत गाल सोलपटून निघाले. तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी तिला झापलं आणि सांगितलं: सौम्य फेसवॉश, कोमट पाणी, टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारं साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन, आणि बाकी चेहऱ्याला सुखानं जगू द्यायचं. बावीस वर्षं मावशी तेवढंच करत आली. ती पांढरी ट्यूब ती कपाटात चादरींच्या घडीखाली ठेवायची. एकदा घरी आलेल्या काउंटरवरच्या पोरीनं "हे काय गं मावशी?" म्हणून विचारलं, तर "टाचांना लावते" म्हणून मोकळी झाली.

घरात माणसं तीन: मावशी, थोरली बहीण आणि भाची. बहिणीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायची. नवरा कधीच सोडून गेलेला. घरातलं सगळं बोलणं हातांनी व्हायचं. भाची तर बोलायच्या आधी हात हलवायला शिकली होती, आणि त्याच हातांच्या जोरावर ती आता दुभाषी झाली होती. बातम्यांच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात चौकटीत उभं राहून खुणांच्या भाषेत बातम्या सांगणारं माणूस असतं ना, त्या कामासाठी तिची निवड जवळजवळ झाली होती. तीन आठवड्यांनी कॅमेऱ्यासमोर चाचणी होती. पत्र आलं त्या दिवशी बहीण इस्त्रीचे चटके बसलेल्या हातांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना खुणा करकरून सांगत सुटली. कुणाला कळलं, कुणाला नाही, पण ती थांबली नाही.

त्या संध्याकाळी भाची मावशीच्या खोलीत येऊन पलंगावर बसली.

"मावशी, कॅमेरा अगदी तोंडावर असतो गं. माझ्या गालांवर बघ कसे डाग आहेत. तू लावतेस ते मला दे ना."

"तुला काय झालंय? चांगला तर आहे चेहरा."

"ते नको सांगू. तू स्वतः लावतेस तेच दे. शाळेपासून सगळ्यांना सांगत आलेय, माझ्या मावशीसारखा चेहरा कुणाचा नाही म्हणून."

आता कपाट उघडायचं आणि ट्यूब काढून हातावर ठेवायची, एवढंच तर होतं. दोन पावलांवर कपाट. पण मावशीला ती चेपलेली, शेपटाकडून गुंडाळत आणलेली ट्यूब आठवली आणि तिला एकदम लाज वाटली. एवढ्या वर्षांच्या रुबाबाचा शेवट यावर? "उद्या आणते," ती म्हणाली.

दुकानात महिनाअखेरीला नमुन्याच्या बरण्या फेकून द्यायची पद्धत होती. गिऱ्हाइकांना हातावर लावून दाखवायच्या, बोटं बुडवून बुडवून अर्ध्या झालेल्या बरण्या. मावशीनं त्यातल्या पाच घेतल्या. एक सुरकुत्यांवरचं, रेटिनॉलचं. एक मेलेली कातडी काढणारं, अ‍ॅसिडचं. एक उजळपणाचं, आणि आणखी दोन. लाकडी चमच्यानं खरवडून तिनं ते सगळं एका काचेच्या बरणीत घोटलं आणि वर सोनेरी झाकण लावलं. पहिली दोन एकाच रात्री चेहऱ्याला लावायची नाहीत हे कंपनीच्या प्रशिक्षणात तिला दोनदा शिकवलं होतं, आणि तिनं स्वतः ते बारा पोरींना शिकवलं होतं. पण थोडं थोडं सगळंच घातलं की कशाचाच जोर राहणार नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली. माणूस स्वतःला फसवायला बसलं की त्याला कारणांची कमी पडत नाही.

पहिल्या आठवड्यात चेहरा खरंच उजळला. भाची आरशासमोरून हलेना. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "मावशी, चुरचुरतंय गं."

आणि मावशी बोलून गेली, "काम करतंय म्हणून चुरचुरतंय. लावत राहा."

हे वाक्य तिनं काउंटरवर हजारदा म्हटलं असेल. ते तोंडातून आपोआप बाहेर पडलं, आणि बाहेर पडल्यावरही तिनं ते परत घेतलं नाही.

भाचीनं विश्वासानं दुप्पट लावलं. वर गरम पाण्याची वाफ घेतली, स्क्रबनं घासलं, आणि सनस्क्रीन न लावता दिवसभर उन्हातून हिंडली, कारण मावशीनं त्याचं काही सांगितलंच नव्हतं. चाचणीला चार दिवस उरले तेव्हा तिचा चेहरा लालभडक झाला होता. डोळ्यांखाली सूज, गालांवर पापुद्रे, ओठांच्या कडांना चिरा. हसायला गेली की चीर उकलायची.

मावशीनं रजा टाकली आणि तिला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बरणी उघडून वास घेतला.

"हे काय आहे?"

"मावशीचं आहे," भाची म्हणाली. "ती स्वतः हेच लावते. पंधरा-वीस वर्षं."

डॉक्टरांनी मान वर करून मावशीच्या नितळ चेहऱ्याकडे पाहिलं. मग बरणीकडे.

"कोणत्या कंपनीचं?"

"बघून सांगते," मावशी म्हणाली. "आवरण फेकलं गेलं."

"सांगाच. यात कुणी स्टिरॉइड मिसळलेलं असेल तर माझं औषध बदलेल. अंदाजानं नाही द्यायचं मला."

भाची तपासणीचे पैसे भरायला खाली गेली. मावशी बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. मग पुढच्या पेशंटला हात जोडून ती आत घुसली आणि दार लावून घेऊन एका दमात सगळं सांगितलं. पाच बरण्या, कोणकोणत्या, किती चमचे. स्टिरॉइड नाही, एवढं नक्की. डॉक्टर लिहीत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बरं झालं सांगितलंत. सगळं बंद, साधं मॉइश्चरायझर, कोमट पाणी, उन्हात जायचं नाही. पंधरा दिवस लागतील."

"चार दिवसांनी तिची चाचणी आहे हो."

"चार दिवसांत नाही होणार."

"डॉक्टर, बरणीचं तेवढं तिला सांगू नका."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मी नाही सांगणार. ते तुमचं काम आहे."

पण मावशीनं सांगितलं नाही. आज सांगू, चाचणीनंतर सांगू, आत्ता तिचं मन कशाला मोडा, असे ते चार दिवस गेले. काउंटरवर एका बाईनं नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मावशीचा हात झाकणाकडे निघाला आणि अर्ध्यात लटकला. "पाणी पिऊन येते," म्हणत ती आतल्या खोलीत जाऊन खोक्यांच्या मागे उभी राहिली.

चाचणीच्या सकाळी भाची स्वयंपाकघरात आईसमोर सराव करत होती. पूर आलेल्या गावाची बातमी होती. खुणांच्या भाषेत नुसत्या हातांनी अर्धंच बोलणं होतं, उरलेलं चेहऱ्यानं बोलावं लागतं. हात सुरेख चालत होते, आणि चेहरा फळीसारखा ताठ. आईनं बातमी शेवटपर्यंत पाहिली. मग हलकेच हातांनी म्हणाली: पाणी दिसलं, माणसं वाहून गेलेली दिसली, तुला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

भाची तरी गेली. दुपारी परत आली आणि चप्पल काढतानाच म्हणाली, "हात पहिल्या नंबरचे, चेहरा बोलत नाही म्हणाले. दुसरीला घेतलं."

ती मावशीजवळ येऊन बसली. आईला कळावं म्हणून आता बोलता बोलता हातही हलवत होती. "तू वाईट वाटून घेऊ नकोस हं मावशी. तुझ्या क्रीमचा काय दोष? तुला इतकी वर्षं चाललं, माझ्याच कातडीला मानवलं नाही."

बहिणीनंही मान हलवली, पुढे होऊन मावशीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं म्हणाली: हिची कातडी हिच्या बापावर गेलीय. तू एवढं महागाचं दिलंस, आमचंच नशीब.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मावशीला झालं. ज्यांचं नुकसान केलं त्याच दोघी तिची समजूत घालत होत्या. ती उठली, कपाटाकडे गेली, चादरींखालून ट्यूब काढली आणि दोघींच्या समोर येऊन उभी राहिली. तोंडानं सांगितलं असतं तर बहिणीला कळलं नसतं, म्हणून तिला हातांनीच सांगावं लागलं, आणि हातांनी सांगताना खाली बघून चालत नाही.

मी हे लावते, ती म्हणाली. फक्त हे. पहिल्यापासून. त्या बरणीतलं मी कधीच लावलं नाही. ती मी फेकायच्या बरण्यांमधून खरवडून केली होती. चुरचुरतंय म्हणालीस तेव्हाही मला माहीत होतं.

मघाशी मावशीच्या गुडघ्यावर ठेवलेला हात बहिणीनं आपल्या मांडीवर ओढून घेतला. भाचीनं ट्यूब हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, मागचं बारीक अक्षर वाचलं. तिच्या सुजलेल्या, ताठ चेहऱ्यावरून राग आलाय की रडू येतंय काही समजेना, आणि मावशी तिथे काहीतरी शोधत राहिली.

"मावशी," भाची म्हणाली, "मी तुझ्याकडे हेच तर मागितलं होतं."