सोयाबीनचे लाडू आणि लघवीच्या बाटल्या

लॅबच्या रॅकवर बाटल्या साचत गेल्या तसे माझ्याकडे किस्से साचत गेले. बाटल्या कधीच धुऊन टाकल्या, किस्से मात्र अजून भरलेले आहेत!

साठ सालानंतरची गोष्ट. मी अमरावतीची, अकोल्याच्या लॅबमध्ये टेंपररी असिस्टंट. सोयाबीनमधलं एक द्रव्य कोणत्या वयात अंगात किती शिरतं, हे आमच्या सरांना शोधायचं होतं. लाडू खाऊ घालायचे आणि दुसऱ्या दिवशी लघवी तपासायची. जितकं अंगात शिरलं, तितकं लघवीत सापडणार. रिपोर्ट पटला तर काम पुढे चालणार आणि माझी पोस्ट पक्की. नाहीतर मी घरी!

*

पातूरजवळच्या एका गावात सरांनी पुणेरी मराठीत अर्धा तास समजावलं. एक म्हातारबा उठले. "लाडू देऊन राहिले तुमी अन् वरून तपासूनबी राहिले. काहून, आमच्यावर भरोसा नाई का?"

*

दुसरी पंचाईत वयाची. सगळा अभ्यासच वयाचा आणि गावात कोणालाच स्वतःचं वय माहीत नाही!

"लगन झालं तवा मले मिशी नव्हती," म्हातारबा म्हणाले. "आता तुमीच करा हिशोब."

सरांनी वयाच्या रकान्यात खरंच लिहिलं, 'मिशीपूर्वी विवाह.'

*

एका घरून आलेली बाटली सरांनी बर्नरवर धरली आणि लॅबभर फोडणीचा वास सुटला. जवसाचं तेल! मी त्या बाईंना जाऊन विचारलं, तर त्याच माझ्यावर उखडल्या.

"लघवी जमली नाई त्या दिवशी. मंग कोणाचं भांडं रिकामं वापस करतेत का, बाई?"

तेल फार छान होतं. आमचे शिपाई गणपतभाऊ घरी घेऊन गेले.

*

हेच गणपतभाऊ एकदा बाटल्यांची पेटी घेऊन एसटीतून उतरले. दारूबंदीचे दिवस. फौजदारानं अडवलं. "काय आहे?"

"साहेब, तुमी नका पाहू."

मग तर त्यानं पाहिलंच! बूच काढलं, नाक लावलं आणि घाईघाईनं स्वतःच पेटी उचलून टांग्यात ठेवली. "जा बाप्पा, जा लवकर!"

*

शेवटी आकडे आले. पोरांच्या बाटल्यांत द्रव्य अपेक्षेच्या दुप्पट, म्हाताऱ्यांच्या बाटल्यांत जवळजवळ काहीच नाही. सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "वय झालं की शरीर घेतच नाही! लिहा रिपोर्ट!"

मी लिहायला बसले खरी, पण मला चैन पडेना. इतका फरक? दुसऱ्या दिवशी सकाळीच बस पकडली आणि न सांगता तुळसाबुढीच्या घरी गेले. आमच्या यादीत ती होती आणि तिची पाच वर्षांची नातही होती; लाडूवाटप अजून चालूच होतं.

स्वयंपाकघरात नातीनं आपला लाडू संपवला होता आणि आजी स्वतःचा लाडू फोडून तिला भरवत होती.

मी दारातूनच ओरडले. "अहो आजी, हा तुमचा लाडू! तुमच्या अंगात किती जातं तेच मोजतोय ना आम्ही? माझी नोकरी आहे हो त्याच्यावर!"

तुळसाबुढीनं पदरानं नातीचं तोंड पुसलं आणि शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

"मंग? तिच्या पोटात गेलं का माह्याच आंगाले लागते. लिवून टाक तसं!"