स्वतःच्या दोरीवर शंका घेणारे हिराजीशेठ

हिराजीशेठ केणे यांची आणि माझी पहिली भेट म्हणजे पहिली चकमक. माझी मुलगी मानसी शर्यतीतली छोटी शिडाची होडी चालवते. वारा पाठीमागून आला की पुढे जे मोठे फुगीर शीड उभारतात, त्याला स्पिनेकर म्हणतात. ते वर चढवण्याच्या दोरीला हॅलयार्ड. ती दोरी घ्यायला आम्ही भिवंडीच्या नारपोलीत शेठच्या कारखान्यात गेलो. चहूकडे लूम, आणि मधोमध दोऱ्या विणणारी त्यांची यंत्रे.

“सगळ्यात मजबूत दाखवा,” मी म्हणालो.

“खेचनार कोन?”

“मुलगी.”

“मंग तुम्ही जरा गप बसा, भाषणवाले. पोरी, हात दाव.”

हात पाहून त्यांनी सांगितले, की फार बारीक दोरी हाताला कापते, जाड दोरी कप्पीत अडते, पाणी पिणारी जड होते. आतला गाभा ताणला जाऊ नये आणि वरची वीण क्लीटमध्ये, म्हणजे दोरी धरून ठेवणाऱ्या दातेरी चापात, घट्ट बसावी. मग दोरी कापून त्यांनी गाभा उघडून दाखवला. “वरचा रंग कोनी बी झकास करतो. आत काय भरलंय ते इचारा.”

मी आयुष्यभर व्यासपीठावरून हेच सांगत आलो आहे: चकचकीत वेष्टनावर विश्वास ठेवू नका, मग ते मालाचे असो वा पुढाऱ्याचे. तेच वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी ऐकले आणि मला शेठचाच संशय आला.

त्या संशयाला पुरावा मिळाला असे मला वाटले, ते राज्याच्या संघाच्या निवड शर्यतीच्या सकाळी. मानसीची संघातली जागा त्याच शर्यतीवर ठरायची होती. होड्या पाण्यात उतरत होत्या आणि शेठ भिवंडीहून धापा टाकत धक्क्यावर आले. “पोरी, माझी दोरी काढ.”

“कोणी पाठवलं तुम्हाला?” मी सर्वांसमोर गरजलो. “कोणाच्या होडीसाठी चाललंय हे?”

शेठनी होडीपाशी बसकण मारली. दोरीवर पाणी ओतले, ती चोळली आणि बोटे माझ्यासमोर धरली. पांढुरका, बुळबुळीत थर. सायझिंगची खळ! भिवंडीत लूमवर चढणाऱ्या सुताला खळ लावतातच. दोरीसाठी मात्र ते सूत धुऊन घ्यावे लागते, आणि या खेपेला ते राहून गेले होते. कारखान्यात उरलेला तुकडा भिजवल्यावर शेठच्या ते लक्षात आले होते. कोरडी असताना दोरी छान ताठ लागत होती. भिजल्यावर क्लीटमधून निसटली असती आणि चढलेले शीड पाण्यात कोसळले असते.

“बाबा, नंतर भांडा. आधी हे टोक धरा,” म्हणत मानसीने शेठनी आणलेली दुसरी दोरी ओवली.

शेठ उठले आणि थेट शेजारच्या होडीकडे निघाले. ती मानसीच्या सर्वांत तगड्या प्रतिस्पर्धी मुलीची होडी. तिच्याकडेही त्याच गुंडाळीतली दोरी होती.

“शेठ, तिला कशाला सांगता?”

“दोरी कोनाची हाय?”

“तुमची.”

“मंग?”

त्या मुलीनेही दोरी बदलली, आणि संघात तीच निवडली गेली. मानसी मागे राहिली. घरी मी धुमसत होतो. शेवटी मानसी म्हणाली, “तिचं शीड पडून मी जिंकले असते, तर तुम्ही पेढे वाटले असते का, बाबा?”

दुसऱ्याच्या मालावर शंका घेणारे बाजारात पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच. विकून झालेल्या आपल्याच मालावर शंका घेऊन ती चारचौघांत सांगायला धावत येणारे मला शेठ तेवढे भेटले. गौरवग्रंथांतल्या स्तुतीवर माझा विश्वास नाही. म्हणून शेठच्या या गौरवग्रंथातही फक्त डोळ्यांनी पाहिलेले लिहिले.

शेठ आता पंचाहत्तरीत पाऊल ठेवत आहेत. एकवीरा आई त्यांना उदंड आयुष्य आणि ठणठणीत तब्येत देवो. पुढच्या निवड शर्यतीत मानसी पुन्हा उतरणार आहे. तिची दोरी शेठनीच तपासावी. ती तपासून झाली की ते शेजारच्या होडीकडेही जातीलच. या वेळी मी अडवणार नाही; फार तर संशयाने पाहत राहीन.